एकशेवीस मीटर, पण कुठून?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास असते. ते वरून टिपलेले असते. इंद्रायणीचा काठ, देऊळवाड्याभोवतीची दाटी, भगव्या पताका आणि त्यांच्यामध्ये मुंगीच्या पावलाने सरकणारी पालखी. पूर्वी असे छायाचित्र हवे असेल तर छायाचित्रकाराला कुणाच्या तरी गच्चीवर पहाटेपासून जागा धरून बसावे लागे. आता चार पात्यांचा ड्रोन हे काम चार मिनिटांत करतो. वारीच्या काळात परवानगीशिवाय तो उडवण्यास मनाई असते, हे योग्यच आहे. पण वारी संपली म्हणून ड्रोन पेटीत जातो असे नाही. लग्नाचे चित्रीकरण, प्लॉटची जाहिरात, चाकण-तळवड्याच्या कारखान्यांच्या छपरांची पाहणी, उसावरची फवारणी, अशी त्याची कामे वर्षभर चालू असतात.

या सगळ्या कामांत एक प्रश्न सारखा येतो आणि त्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक आहे असे वाटते. ड्रोन किती उंचीवर आहे? उडवणाऱ्याच्या हातातल्या पडद्यावर आकडा असतोच की! गंमत अशी की हा आकडा बहुतेक वेळा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

आधी कायदा पाहू. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम लागू केले. त्यांत आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग आहेत. (देहूरोड, तळवडे, चिखलीच्या रहिवाशांना 'रेड झोन' म्हटले की दारूगोळा कोठाराभोवतीची बांधकामबंदी आठवते. हा लाल भाग वेगळा, पण लष्करी आस्थापनांचा शेजार या मुलखाला दोन्हीकडून भोवतो. म्हणून इथे ड्रोन हातात घेण्यापूर्वी सरकारी नकाशा पाहणे अधिकच गरजेचे.) हिरव्या भागात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय उडता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्मी, म्हणजे २०० फूट होते. हे उभे अंतर खालच्या जमिनीपासून धरायचे. कारण उघड आहे. माणसे घेऊन जाणारी विमाने आणि हेलिकॉप्टरे मोकळ्या मुलखावरही सर्वसाधारणपणे ५०० फुटांच्या खाली येत नाहीत. मधले १०० फूट म्हणजे दोघांमधला बांध. हा बांध जमिनीच्या चढउताराबरोबर वर-खाली होतो.

आता देहूहून भंडारा डोंगराकडे चला. तुकोबांच्या एकांताचा हा डोंगर. हिशेबाला सोपे जावे म्हणून तो पायथ्यापासून १०० मीटर उंच आहे असे समजू. एखाद्या हौशी तरुणाने पायथ्याच्या शेतातून ड्रोन वर नेला, पडद्यावर ११० मीटर आकडा आला, कायद्याच्या आत आहोत म्हणून तो निश्चिंत झाला आणि ड्रोन तसाच सरळ डोंगराकडे नेला. माथ्यावर पोहोचला तेव्हाही पडद्यावर ११० मीटरच दिसतील. प्रत्यक्षात माथ्यावर दर्शनाला आलेल्या माणसांच्या आणि ड्रोनच्या मध्ये १० मीटरच उरलेले असतील. देवळाचे शिखर त्याहून उंच असले तर तेवढेही नाही. उलट, दुसऱ्याने माथ्यावरून ड्रोन उडवला, ११० मीटर वर नेला आणि इंद्रायणीच्या खोऱ्यावर काढला, तर पडद्यावर ११० आणि जमिनीपासून २१० मीटर. कायदा मोडला गेला आणि मोडणाऱ्याला पत्ताही नाही.

कारण पडद्यावरची उंची असते ती जिथून उड्डाण केले त्या जागेपासूनची. खालच्या जमिनीपासूनची नव्हे.

असे का होते हे समजायला थोडे मागे जावे लागेल. तुकोबा हयात होते त्याच काळात, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन पुई-द-डोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर नळीतला पारा पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटिमीटरने खाली आला. वर जाल तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि तिचा दाब घटतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. बाजारातले बहुतेक ड्रोन आजही याच तत्त्वावर उंची मोजतात. फक्त पाऱ्याच्या नळीच्या जागी नखाएवढी सिलिकॉनची चकती आली आहे. देहूच्या परिसरात दाब एक मिलिबारने घटला की सुमारे ९ मीटर वर आलो असे समजावे. चांगली चकती एक-दोन वितींचा फरकही ओळखते. मोबाइल फोनमध्ये अशा चकत्या बसू लागल्या, त्या कोट्यवधींच्या संख्येने तयार झाल्या आणि किंमत उतरली. आज सुटी चकती शंभर-दोनशे रुपयांत मिळते. एवढ्या स्वस्तात एवढे नेमके मोजणारे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही.

पण ती मोजते हवेला; जमीन तिला दिसतच नाही. खाली डोंगर आहे की दरी, छप्पर आहे की विहीर, याची तिला फिकीर नाही. आणि हवा स्वतःही स्थिर नसते. आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक तीन-चार मिलिबारचा असू शकतो. याचा अर्थ असा की टेबलावर ठेवलेल्या चकतीला सकाळपासून दुपारपर्यंत तुमचे घर पंचवीस-तीस मीटर वर चढल्यासारखे वाटते! पुण्याच्या शिमला ऑफिसातले हवामानतज्ज्ञ ही रोजची भरती-ओहोटी चांगली ओळखून आहेत. ड्रोन अर्ध्या तासात बॅटरीअभावी खाली येतो म्हणून हा दोष झाकला जातो. त्यात स्वतःच्याच पात्यांचा वारा आणि वरून ऊनही चकतीला फसवते. यावरचा उपाय मोठा मजेदार आहे. चकतीवर स्पंजचा एक काळा तुकडा ठेवायचा. यंत्र बनवणारे तंत्रज्ञही हेच करतात.

मग उपग्रहांवरून उंची कळत नाही का? कळते, पण तीही जमिनीपासूनची नाही. जीपीएस मोजते ती पृथ्वीचा एक कल्पित गुळगुळीत, किंचित चपटा गोळा मानून त्यापासूनची उंची. खरा समुद्र त्या गोळ्याच्या पृष्ठाशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो त्या गोळ्यापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली आहे. पुण्याच्या आसपासही हा फरक साठ मीटरांहून अधिक भरतो. यंत्राने ही दुरुस्ती केली नाही तर देहू खऱ्यापेक्षा साठ-एक मीटर खाली दाखवले जाते. दुरुस्ती केली तरी साध्या यंत्राची उभ्या दिशेतली चूक आडव्या दिशेतल्या चुकीपेक्षा जास्त असते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो.

तेव्हा खालची जमीन थेट पाहणारे काहीतरी हवे. त्यातले सर्वांत स्वस्त साधन चाकणच्या माणसाला परके नाही. तिथल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या मागच्या बंपरमध्ये गोल बटणांसारखे जे बसवलेले असते आणि गाडी मागे घेताना टीं-टीं करते, तेच हे. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. ऐकू न येणारा आवाज सोडायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि सेकंदाला सुमारे ३४५ मीटर या वेगाने अंतर काढायचे. शाळकरी मुलांच्या प्रकल्पात वापरतात ते यंत्र शंभराच्या नोटेत येते. त्याची धाव मात्र चार मीटरची. गवत आणि पिके आवाज शोषून घेतात, आणि ड्रोनच्या पात्यांचा गोंगाट तर शेजारीच. उतरताना शेवटच्या दोन हातांसाठी हे उत्तम. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

प्रतिध्वनीऐवजी प्रकाश वापरला तर धाव वाढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. तेवढा सूक्ष्म काळ मोजणारी लेसर यंत्रे आता दोन-अडीच हजार रुपयांपासून मिळतात. ती आठ-बारा मीटरपर्यंत पाहतात. थोडे अधिक पैसे टाकले तर चाळीस मीटर. स्वस्त म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या 'इन्जेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये उंची मोजायला बसवले होते ते हौशी लोक वापरतात तेच, बाजारात दीडशे डॉलरच्या आत मिळणारे लेसर यंत्र! त्या हेलिकॉप्टरने ७२ उड्डाणे केली. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात त्याला दगा दिला तो उंची मोजणाऱ्या लेसरने नव्हे, तर खाली पाहून दिशा धरणाऱ्या कॅमेऱ्याने. खाली सपाट, एकसारखी वाळू होती, कॅमेऱ्याला ओळखीची खूण सापडेना, आणि उतरताना पाती मोडली.

ही वाळूची गोष्ट इंद्रायणीलाही लागू आहे. संथ पाण्यावर लेसरचा किरण कधी आरपार जातो, कधी आरशासारखा भलतीकडे उडतो. कॅमेऱ्याला वाहत्या पाण्याच्या लाटा म्हणजे सरकणारी जमीन वाटते. नदीवरून खाली-खाली जाऊन नौकाविहाराचे चित्रीकरण करण्याची हौस असलेल्यांचे ड्रोन पाण्यात जातात ते वाऱ्यामुळेच असे नाही.

शेतात हा प्रश्न पैशांचा होतो. फवारणीचा ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटरवर राहायला हवा. वर गेला तर औषध वाऱ्यावर शेजाऱ्याच्या बांधात, खाली आला तर पिकात आपटणार. इथे हवेच्या दाबाचा उपयोग नाही, कारण उतारावरच्या वावरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीनच दोन-तीन मीटर चढलेली असते. म्हणून या ड्रोनना रडार बसवतात. ते धूळ, फवाऱ्याचे तुषार, ऊन कशालाच जुमानत नाही, आणि म्हणूनच महाग आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. या रकमेत ड्रोन चालवणाऱ्या बाईला तो जमिनीपासूनची उंची कशाने मोजतो हेही कुणी समजावून सांगावे, ही अपेक्षा जास्त नाही. रडारवर मातीचा लपका बसला की काय होते, हे पहिल्या पावसाळ्यात कळण्यापेक्षा प्रशिक्षणात कळलेले बरे.

उंची काढण्याची आणखी एक रीत महाराष्ट्रानेच देशाला दाखवलेल्या कामात दडलेली आहे. गावठाणातल्या घरांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. २४ एप्रिल २०२० पासून तो 'स्वामित्व' या नावाने देशभर गेला. ज्या गावांत हे काम झाले तिथल्या लोकांना आधी आठवतो तो चुना. ड्रोन येण्यापूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या गेल्या, म्हणजे वरून त्या दिसाव्यात. आता समजा जमिनीवर चुन्याच्या दोन फुल्या मारल्या आणि त्यांच्यातले अंतर टेपने नेमके १० मीटर भरले. वरून काढलेल्या छायाचित्रात त्या दोन फुल्यांमध्ये किती ठिपके येतात ते मोजले, की कॅमेऱ्याच्या भिंगावरून उंची निघते. नेहमीच्या एका चांगल्या कॅमेऱ्यात १२० मीटरवरून एक ठिपका सुमारे ३ सेंटिमीटरचा असतो. ६० मीटरवरून निम्मा. खर्च काय, तर मूठभर चुना. यात उंची फुल्यांच्या जमिनीपासूनच मोजली जाते, आणि ती पडद्यावरच्या आकड्यावर अवलंबून नसते. चौकशीच्या वेळी हे फार महत्त्वाचे ठरू शकते.

कारण चौकशा होतात, आणि पुढे अधिक होतील. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा बातम्यांनी दहशत पसरली होती. चोर टेहळणी करतात अशी बोलवा उठली आणि गावकरी काठ्या घेऊन गस्त घालू लागले. किती उंचीवर होते, असे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे. यात कुणाचा दोष नाही. वीतभर-दोन वितींचा ड्रोन १२० मीटरवर गेला की पौर्णिमेच्या चंद्राच्या एकतृतीयांशाएवढा दिसतो, आणि रात्री तर फक्त दिवा दिसतो. अंधारात एकट्या दिव्याचे अंतर डोळ्याला कळत नाही; जवळचा मिणमिणता आणि दूरचा प्रखर सारखेच.

पण डोळ्याला कोन कळतो, आणि कोन पुरेसा आहे. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला खडा बांधा. कोनमापकाच्या सरळ कडेने नेम धरून ड्रोनकडे पाहा. दोरा ९० अंशांच्या रेघेपासून जितका ढळला तितका कोन. ड्रोन ज्या जागेच्या बरोबर वर आहे तिथून १०० मीटर दूर उभे राहिलात आणि कोन ४५ अंश आला, तर तो १०० मीटर उंच आहे. ५० अंश आला तर साधारण १२० मीटर. त्यापेक्षा कोन मोठा झाला की मर्यादा ओलांडली असे समजावे. एका अंशाची चूक झाली तर उंचीत चार-एक मीटरचा फरक पडतो, म्हणजे हातच्या साधनाने निकाल फार बिघडत नाही. ड्रोन नेमका कुठल्या जागेवर आहे हे कळत नसेल तर दोघांनी एकाच ओळीत पन्नास मीटर अंतराने उभे राहून एकाच वेळी कोन घ्यावेत. दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती बाकीचे काम करते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी 'लीलावती'त शंकूच्या दोन सावल्यांवरून दिव्याची उंची काढायला शिकवले, ते गणित आणि हे गणित एकाच घरातले आहे. दिवसा तर सावलीही कामी येते. सूर्य ४५ अंशांवर असताना ड्रोनच्या बरोबर खालची जागा आणि त्याची सावली यांच्यात जितके अंतर, तितकीच त्याची उंची.

माझ्या मते खरी त्रुटी यंत्रांत नाही. साधने स्वस्त आहेत, प्रत्येक साधन आपापल्या पट्ट्यात चोख आहे आणि शहाणे तंत्रज्ञ ती एकत्र वापरतात: वर असताना हवेचा दाब, खाली आल्यावर लेसर, शेवटी आवाज. डोंगराच्या प्रश्नालाही जवळजवळ फुकट उत्तर आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' यानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली आणि ती माहिती ३० मीटरच्या चौकटीत आज कुणालाही मिळते. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहानेही भारताचा असा उंचीचा नकाशा दिला आहे. ड्रोनच्या प्रणालीने उड्डाणाच्या जागेची उंची आणि पायाखालच्या चौकटीची उंची यांची वजाबाकी केली, की भंडाऱ्याच्या माथ्यावर पडद्यावर ११० नव्हे तर १० दिसेल. नकाशात पाच-दहा मीटरची चूक असेल, शिवाय २००० नंतर उभे राहिलेले मनोरे त्यात नसतील. तरी शंभर मीटरच्या भ्रमापेक्षा दहा मीटरची शंका परवडते. काही महागड्या ड्रोनमध्ये ही सोय आहे. हौशी माणूस वापरतो त्यांत ती सक्तीची का नसावी? मोटारीच्या बंपरमधली बटणे सक्तीची झाली, तीही कुणाचे पोर चाकाखाली येऊ नये म्हणूनच.

आणि परवानगी देणाऱ्या कचेरीने अर्जात एक रकाना वाढवावा. 'उंची किती' हा रकाना आहेच; त्याच्या शेजारी 'कुठून' असे विचारावे. गर्दीवर उडणाऱ्या ड्रोनला १२० मीटरवरून खाली यायला, हवेचा अडथळा सोडला तर, पाच सेकंद लागतात. दहा मीटरवरून दीड सेकंदही नाही. खालचा माणूस वर पाहून बाजूला होईल एवढा अवधी पहिल्या आकड्यात कदाचित असेल, दुसऱ्यात नाही.

तोवर ज्यांच्याकडे ड्रोन आहे आणि ज्यांना कधीतरी परवानगी घेऊन या डोंगरांवर तो न्यायचा आहे, त्यांनी एक करून पाहावे. यासाठी उड्डाणाची गरजच नाही. हवेचा दाब दाखवणारा फोन घेऊन भंडाऱ्याच्या पायथ्याशी आकडा लिहावा, माथ्यावर जाऊन पुन्हा लिहावा, दोहोंतल्या फरकाला नवाने गुणावे. जो आकडा येईल तेवढे मीटर पायथ्याशी उडवलेल्या ड्रोनच्या पडद्यावरून मनातल्या मनात वजा करायचे असतात.